चायनीज की मेडिकल? ॲक्युपंक्चर पहिल्यांदाच करून बघणाऱ्यांसाठी

ॲक्युपंक्चर करून बघूया असं ठरलं की पहिला घोळ दारावरच्या पाटीपाशीच होतो. एकीकडे लिहिलेलं असतं 'ट्रॅडिशनल चायनीज', दुसरीकडे 'मेडिकल' किंवा 'वेस्टर्न ॲक्युपंक्चर', तिसरीकडे फिजिओ म्हणतो आम्ही 'ड्राय नीडलिंग' करतो, आणि सुई मात्र तिन्हीकडे तीच. मग लोक दोनपैकी एक काहीतरी धरून बसतात: चायनीज म्हणजे ओरिजिनल, सबब तेच खरं, नाहीतर मेडिकल म्हणजे सायंटिफिक, सबब तेच खरं. मी दोन्ही प्रकारच्या सुया टोचून घेतल्यात आणि या विषयावर हाताला लागेल ते वाचत असते, माझं मत विचाराल तर पाटीला फार भाव देऊ नका. तुमची तक्रार नेमकी काय आहे आणि सुई कोणाच्या हातात आहे, या दोन गोष्टींवर ऐंशी टक्के निर्णय होऊन जातो. उरलेला वीस टक्के म्हणजे तुम्हाला कसल्या वातावरणात बरं वाटतं, आणि तोही फालतू मुद्दा नाहीये, त्यावर पुढे येतेच.

पायरी १: आधी डॉक्टरकडून निदान, मग सुई

हे कंटाळवाणं आहे पण पहिलं हेच. ॲक्युपंक्चरवाल्याकडे जायच्या आधी दुखण्याचं साधं मेडिकल निदान झालेलं हवं. कंबर दुखतेय आणि सोबत पायातली ताकद गेलीय, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटतोय, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे, तर तो सुईचा विषय नाही, थेट इमर्जन्सी. तसंच आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक भयंकर डोकेदुखी, छातीत दुखणं, विनाकारण वजन उतरणं, ताप आणि पाठदुखी एकत्र, आधी कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला नव्याने सुरू झालेलं हाडाचं दुखणं. अशा वेळी सुई लावून दुखणं थोडं कमी झालं तर उलट वाईटच, कारण खरा आजार आणखी महिनाभर लपून बसतो.

चायनीज पद्धतीत हे जास्त सांभाळावं लागतं कारण तिथलं निदान वेगळ्याच चौकटीतलं असतं. तिथे तुम्हाला सांगतील की तुमची किडनी कमजोर आहे, लिव्हरची 'ची' (त्यांच्या मते शरीरात फिरणारी ऊर्जा) अडकलीय, स्प्लीनमध्ये म्हणजे प्लीहेत ओलसरपणा आहे. नवीन माणूस घाबरून दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये किडनीची टेस्ट करायला पळतो! घाबरू नका, त्यांच्या शास्त्रातली 'किडनी' म्हणजे झोप, भीती, कंबर, केस, वय अशा बऱ्याच गोष्टींचा एक गट आहे, लॅबमधल्या किडनीच्या टेस्टच्या आकड्यांशी त्याचा संबंध नाही. आणि हे उलट बाजूनेही तितकंच खरं: नाडी बघून 'तुमची किडनी मस्त आहे' असं कोणी म्हटलं म्हणून किडनीचा आजार नाही असं होत नाही.

पायरी २: दोन्हीत फरक काय ते एकदा समजून घ्या

चायनीज पद्धतीचा पाया असा की शरीरात ची नावाची ऊर्जा मेरिडियन नावाच्या वाटांनी फिरते, मुख्य मेरिडियन १२, शिवाय अंगाच्या मधोमध पुढून-मागून जाणारे दोन, त्यांवर ठरलेले पॉइंट (जागतिक आरोग्य संघटनेच्या स्टँडर्ड यादीत ३६१ आहेत), आणि यिन-यांग या परस्परविरुद्ध शक्तींचा तोल गेला किंवा ची अडली की माणूस आजारी पडतो, सुईने ती वाट मोकळी करायची. याचा मूळ ग्रंथ 'हुआंगदी नेजिंग' साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. पण म्हणून आज क्लिनिकमध्ये जे मिळतं ते जसंच्या तसं दोन हजार वर्षं चालत आलंय असं समजू नका. १८२२ मध्ये चीनच्याच सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर बंद करून टाकलं होतं, आणि आज 'टीसीएम' (ट्रॅडिशनल चायनीज मेडिसिन) म्हणून कॉलेजात जे शिकवतात त्याचा अभ्यासक्रम १९५० च्या दशकात सरकारी पुढाकाराने वेगवेगळ्या परंपरा एकत्र करून बसवलेला आहे. जपानी, कोरियन, फाइव्ह एलिमेंट या ॲक्युपंक्चरच्या इतर पद्धती त्याचे चुलतभाऊ, ते वेगळेच विचार करतात. त्यामुळे 'प्राचीन' या शब्दाचे वेगळे मार्क देऊ नका, वजाही करू नका.

पश्चिमेत याचा गाजावाजा झाला १९७१ ला, न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, नंतर पोटात त्रास होत होता त्यावर सुया लावल्या आणि त्यांनी ते पेपरात लिहिलं. (ऑपरेशन सुयांवर झालं ही दंतकथा, भूल नेहमीचीच दिली होती, सुया नंतर.) पुढच्या वर्षी निक्सन चीनला गेले आणि मग सगळीकडे कुतूहल पेटलं. त्याच दशकात प्रयोगांतून दिसलं की सुईने दुखणं कमी होण्यामागे एंडॉर्फिन म्हणजे शरीरातलीच वेदना कमी करणारी रसायनं असावीत, कारण त्यांना अडवणारं नॅलोक्सोन हे औषध दिलं की काही प्रयोगांत सुईचा परिणाम ओसरायचा.

मेडिकल ॲक्युपंक्चर इथून वाढलं. ब्रिटनमधले डॉक्टर फेलिक्स मान सुरुवातीला पारंपरिक पद्धतच शिकले-शिकवली, आणि मग स्वतःच म्हणायला लागले की पॉइंट आणि मेरिडियन हे खरे नाहीतच, सुईचा परिणाम मज्जातंतूंवर होतो. १९८० मध्ये डॉक्टरांची ब्रिटिश मेडिकल ॲक्युपंक्चर सोसायटी निघाली. दुसरीकडे जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी स्नायूंमधल्या ट्रिगर पॉइंटचं सगळं प्रकरण मांडलं, म्हणजे स्नायूत एक कडक गाठीसारखी पट्टी लागते, ती दाबली की भलतीकडेच दुखतं, त्यातूनच पुढे ड्राय नीडलिंग. मेडिकलवाला तुमची ची बघत नाही, तो बघतो कुठला स्नायू, कुठला मज्जातंतू, मणक्याच्या कुठल्या पातळीवरून त्या भागाला मज्जातंतू जातो, आणि त्यावर सुई ठरवतो.

आता गंमत अशी की प्रत्यक्षात ही भिंत बरीच पोकळ आहे. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागातला तो प्रसिद्ध पॉइंट दोघंही वापरतात, गुडघ्याखालचा पण. चायनीज शिकलेले बरेच जण दुखऱ्या जागीच सुई लावतात आणि मेडिकलवाले कित्येक जण जुन्या पॉइंटचे नंबरच वापरतात कारण सांगायला सोयीचे पडतात.

पायरी ३: सेशन कसं असतं ते माहीत करून घ्या, कारण निवड बऱ्याचदा इथेच होते

चायनीजवाल्याकडे पहिली भेट लांबते, तास-सव्वा तास सहज. मान दुखते म्हणून गेलेले असता आणि तो विचारतो झोप कधी मोडते, रात्री दोनला की पाचला, तहान गार पाण्याची लागते की कोमट, घाम कुठे येतो, पाळी कशी असते, राग येतो का रडू. मग जीभ बाहेर काढायला लावतो आणि खरंच निरखून बघतो, कडांवर दातांचे ठसे आहेत का, मधे चीर आहे का, वरचा थर पांढरा की पिवळा. मग मनगट. तीन बोटं ओळीने ठेवतो, हलकी, मग थोडी दाबून, मग आणखी दाबून, एका हाताची झाली की दुसऱ्या हाताची, आणि तेवढा वेळ खोलीत कोणी बोलत नाही. मग सुया, आणि मानेचं दुखणं असलं तरी दोन-तीन पायात जातात. वीस ते तीस मिनिटं तसंच पडून राहायचं. वर कधी मोक्सा (वनस्पतीची कांडी पेटवून पॉइंटजवळ धरतात, धूर होतो, दम्याच्या माणसाने आधीच सांगावं), कधी कपिंग, ज्याचे गोल काळे-निळे डाग आठवडाभर राहू शकतात, पुढे लग्नबिग्न असेल तर पाठीचा विचार करून ठेवा.

मेडिकलवाल्याकडे सगळं सुटसुटीत. मान वळवून दाखवा, हात वर करा, इथे दाबलं तर कुठे जातं, एमआरआय असेल तर बघू. सुया कमी, कधी दोन-चारच, आणि कधी पाच-दहा मिनिटांत काढूनही टाकतात. ड्राय नीडलिंग असेल तर त्या कडक पट्टीत सुई घालून आत-बाहेर हलवतात आणि एका क्षणी स्नायू आपोआप उडतो, टुणकन, तुमच्या परवानगीशिवाय. त्याला ट्विच म्हणतात, पहिल्यांदा होतो तेव्हा माणूस दचकतोच. नंतर एक-दोन दिवस तो भाग जिममध्ये जास्त झाल्यासारखा ठणकतो, ते चालतं.

सुईची भीती असेल त्यांना सांगते, ही सुई म्हणजे इंजेक्शनची सुई नव्हे. साधारण पाव मिलिमीटर जाडीची, भरीव, आतून पोकळ नाही, रक्त काढायची सुई हिच्या जवळपास तिप्पट जाड असते. बहुतेक जण प्लास्टिकची एक छोटी नळी त्वचेवर टेकवतात, सुईचं डोकं नळीतून जेमतेम वर डोकावत असतं, त्यावर बोटाने टक् केलं की ती कातडीत गेलेली असते, तुम्हाला नळीचा दाब जास्त कळतो. मग नळी काढून सुई हळूहळू आत. आणि तेव्हा येतं ते खरं फीलिंग, टोचल्याचं नाही, एक बोथट, जड, पसरणारी कळ, चायनीजवाले त्याला 'दे ची' म्हणतात आणि ती आल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. विजेसारखा झटका बसला किंवा भाजल्यासारखं झालं तर मात्र गप्प राहून सोसायचं नाही, लगेच सांगायचं, ते सुई मागे घेतात.

तर ज्याला कोणीतरी नीट बसून अख्खं ऐकून घ्यावंसं वाटतं त्याला पहिला प्रकार मानवतो, आणि ज्याला जीभ-बीभ दाखवायला अवघडल्यासारखं होतं, कारण समजल्याशिवाय पटत नाही, त्याला दुसरा. वर जो वीस टक्के म्हटला तो हाच. दुखण्याच्या बाबतीत विश्वास, अपेक्षा, समोरच्याने दिलेला वेळ यांचाही परिणामात वाटा असतो, त्यामुळे जिथे तुम्ही आखडून बसणार तिथे जाऊ नका.

पायरी ४: तुमच्या तक्रारीला कुठलं बसतं

इथे थोडे आकडे देते कारण याशिवाय सगळंच 'माझ्या ओळखीच्या एकाला फरक पडला' यावर चालतं.

जर्मनीत कंबरदुखीवर एक मोठी ट्रायल झाली, २००७ मध्ये छापून आली, ११६२ पेशंट, तीन गट: एका गटाला चायनीज पद्धतीचे खरे पॉइंट, दुसऱ्याला पॉइंट नसलेल्या भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचे औषध-व्यायाम वगैरे. सहा महिन्यांनी फरक पडलेले किती? खऱ्या पॉइंटवाले ४७.६ टक्के, भलत्या जागेवाले ४४.२, आणि नेहमीचे उपचार २७.४. हे दोनदा वाचा. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा सुया बऱ्याच वरचढ, पण खरी जागा आणि खोटी जागा यात जवळजवळ काहीच नाही. पुढे २०१८ मध्ये ३९ ट्रायल आणि वीस हजारांवर पेशंटचा डेटा एकत्र करून बघितला, त्यात पाठ, मान, खांदा, गुडघ्याचा संधिवात, जुनी डोकेदुखी यांत खऱ्या सुया खोट्यांपेक्षा (म्हणजे भलत्या जागी किंवा नुसत्या टोचल्यासारख्या केलेल्यांपेक्षा) सरस निघाल्या, पण तो फरक लहानच, आणि सुया अजिबात न घेणाऱ्यांशी तुलना केली की त्याहून मोठा.

मायग्रेनचंही तसंच, कॉक्रेन (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) हिच्या २०१६ च्या आढाव्यात अटॅक निम्म्यावर आलेले खऱ्या सुयांच्या गटात ५० टक्के, खोट्यांच्या गटात ४१.

याचा तुमच्या निवडीशी संबंध असा की 'आमचाच पॉइंट बरोबर, त्यांचा चुकीचा' हा दावा दोन्हीकडून आला तरी हसून सोडून द्या. ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये प्रायमरी म्हणजे दुसऱ्या आजाराने न समजावता येणाऱ्या जुन्या दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरचा एक कोर्स विचारात घ्या असं सांगितलं, तेव्हा चायनीज चालेल किंवा वेस्टर्न चालेल असं दोन्ही लिहिलंय. आणि हीच संस्था २०१६ च्या कंबरदुखीच्या गाइडलाइनमध्ये ॲक्युपंक्चर देऊ नका म्हणते! त्याच धर्तीचा पुरावा, वेगवेगळ्या समित्या, वेगळा निष्कर्ष. तेव्हा कोणी छातीठोकपणे एका बाजूने बोलत असेल तर जरा सावध.

आता माझी विभागणी, पटली तर घ्या. खांदा, मान, कंबर, टाच, टेनिस एल्बो, म्हणजे जिथे बोट ठेवून दाखवता येतं असं दुखणं: मेडिकल किंवा ड्राय नीडलिंगवाला फिजिओ आधी, कारण तो सोबत व्यायाम देतो, आणि नुसत्या सुईवर असली दुखणी टिकून बरी होत नाहीत. मायग्रेन आणि टेन्शनची डोकेदुखी: दोन्ही चालतील, जो माणूस चांगला आणि जवळ तो, कारण इथे आठवडेच्या आठवडे जावं लागतं (नाइस १० सेशनपर्यंत म्हणते, ५ ते ८ आठवड्यांत). ऑपरेशन किंवा केमोनंतरची मळमळ: मनगटाच्या आतल्या बाजूचा पी-सिक्स पॉइंट, दोघांनाही माहीत असतो, केमो चालू असेल तर आधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं. झोप लागत नाही, ताण, थकवा, पोट, पाळी असं सगळं एकात एक गुंतलेलं: इथे पुरावा पातळ आहे हे मान्य करून, करायचंच असेल तर चायनीज, कारण मेडिकलवाल्याच्या पंधरा मिनिटांत ही गुंतागुंत मावतच नाही. आयव्हीएफसोबत करायचा विचार असेल तर थांबा, २०१८ च्या मोठ्या ट्रायलमध्ये मूल होण्याच्या प्रमाणात खऱ्या-खोट्या सुयांत काही फरक निघाला नाही. वजन उतरवणं, सिगारेट सोडणं यासाठी मी तरी पैसे घालणार नाही.

डायबेटिस, ब्लडप्रेशर, थायरॉइड, फिट्स यांच्या गोळ्या बंद करा, आम्ही सुईने बघतो, असं कोणी म्हणालं तर पद्धत कुठलीही असो, चप्पल घाला आणि निघा.

पायरी ५: माणूस तपासा

पाटीखालचं ट्रेनिंग विचारा, त्यात लाजायचं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत डॉक्टर नसलेल्या ॲक्युपंक्चरिस्टसाठी २५०० तासांचं शिक्षण सुचवलं होतं, आणि आधीच डॉक्टर असलेल्याने आपल्या प्रॅक्टिसमध्ये मर्यादित वापरायचं तर २०० तास. म्हणजे सुया लावण्याचा सराव चायनीजवाल्याचा बहुधा जास्त असतो, आणि रोग ओळखण्याचं, शरीररचनेचं ज्ञान डॉक्टर-फिजिओचं जास्त. दोन्ही एकाच माणसात मिळालं तर भाग्य. ड्राय नीडलिंगचे काही कोर्स शनिवार-रविवारी उरकतात, तेव्हा फिजिओ आहे एवढ्यावर भागवू नका, किती वर्षं सुया लावताय हेही विचारा.

फोनवरच चार गोष्टी विचारून घ्यायच्या. मूळ शिक्षण काय आणि सुईचं ट्रेनिंग कुठे, किती. तुम्ही राहता तिथे ज्या रजिस्टरमध्ये नाव लागतं त्यात नाव आहे का, इन्शुरन्स आहे का. माझ्यासारख्या तक्रारीचे पेशंट बघता का आणि किती सेशननंतर 'जमत नाही' असं म्हणता. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. ज्याच्याकडे या प्रश्नाला 'पाच-सहानंतर बघू, फरक नसेल तर थांबवू' असं उत्तर आहे तो माणूस बरा. 'आमच्याकडे सगळ्यांनाच गुण येतो' हे उत्तर म्हणजे फोन ठेवा. पहिल्याच भेटीत वीस सेशनचं पॅकेज आगाऊ भरायला सांगणारेही तसलेच.

पायरी ६: सेफ्टी

जर्मनीत २ लाख २९ हजार पेशंटवर नजर ठेवून २००९ मध्ये निष्कर्ष छापले होते, त्यात ८.६ टक्के लोकांनी काहीतरी त्रास सांगितला, बहुतेक करून थोडं रक्त किंवा काळंनिळं पडणं, आणि ज्यासाठी उपचार घ्यावे लागले असा त्रास २.२ टक्क्यांना. फुप्फुसाला सुई लागून छातीत हवा जाण्याच्या केसेस दोन. म्हणजे ट्रेन्ड माणसाच्या हातात हे बऱ्यापैकी सुरक्षित आहे, पण शून्य धोका नाही.

तो फुप्फुसाचा मुद्दा मात्र नीट लक्षात ठेवा कारण मान-खांद्याच्या दुखण्यासाठी मानेपासून खांद्यापर्यंतच्या त्या स्नायूत सुई लावतातच, आणि बारीक माणसात फुप्फुसाचं टोक तिथून लांब नसतं. सेशननंतर, काही तासांनीसुद्धा, श्वास घेताना छातीत कळ, धाप, कोरडा खोकला असं काही झालं तर 'हीलिंग रिॲक्शन असेल' म्हणत घरी बसायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं आणि तिथे सांगायचं की सुया लावल्या होत्या, नाहीतर त्यांच्या डोक्यात येणारच नाही.

सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर फोडली पाहिजे, एकदाच वापरून धारदार कचऱ्याच्या कडक डब्यात गेली पाहिजे. 'तुमच्या नावाची डबी ठेवतो, पुढच्या वेळी त्याच सुया' हे अजिबात नको, स्टरलाइज करतो म्हणाले तरी.

आधीच सांगायच्या गोष्टी: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, रक्त न थांबण्याचा आजार, प्रेग्नन्सी (अंगठा-तर्जनीमधला आणि घोट्याच्या वरचा पॉइंट परंपरेने टाळतात), पेसमेकर (काही जण सुयांना हलका विजेचा करंट जोडतात, तो नको), इम्युनिटी कमी करणारी औषधं, निकेलची ॲलर्जी, फिट्स, आणि कॅन्सरच्या ऑपरेशननंतर सुजलेला हात किंवा पाय, त्या हातापायात सुई नको. हृदयाची झडप खराब असेल किंवा बदललेली असेल तर कानात दिवसेंदिवस ठेवायच्या छोट्या सुया नाकारा, इन्फेक्शन रक्तात जायची भीती असते. बारीक बिया चिकटवून दाबायचा प्रकार मिळतो, तो मागा.

आणि जडीबुटी. चायनीजवाल्याकडे सुयांसोबत पुड्या, गोळ्या, काढे निघू शकतात, आणि माझ्या मते दोन पद्धतींतला सगळ्यात मोठा व्यावहारिक फरक सुईत नाही, इथे आहे. सुई काढली की संपली, पोटात गेलेलं संपत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत चायनीज वनस्पतींची अदलाबदल होऊन ॲरिस्टोलोकिक ॲसिड असलेली वनस्पती गेली आणि कित्येक बायकांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचे कॅन्सर झाले. वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशीही काही वनस्पती भांडतात. तेव्हा नवख्याने सरळ सांगावं, मला फक्त सुया हव्यात. चांगला माणूस याचं वाईट वाटून घेत नाही. घ्यायचंच असेल तर प्रत्येक घटकाचं वनस्पतीशास्त्रातलं नाव लिहून घ्या आणि आपल्या डॉक्टर-फार्मासिस्टला दाखवल्याशिवाय तोंडात टाकू नका.

पायरी ७: पहिला दिवस आणि नंतरचे आठवडे

उपाशी जाऊ नका, फार जेवूनही नको. गुडघ्यापर्यंत आणि कोपरापर्यंत वर जातील असे सैल कपडे. पहिल्या वेळी आडवंच व्हा, बसून सुया घेतल्या की चक्कर येणारे बरेच असतात. चायनीजकडे जाणार असाल तर त्या सकाळी जीभ घासू नका, बीट-कॉफी टाळा, रंग बदलतो आणि त्याचं सगळं गणित चुकतं. सेशननंतर काही जणांना गुंगी येते म्हणून पहिल्या दिवशी स्वतः गाडी चालवत परत यायचा बेत नको.

जायच्या आधी एक आठवडा रोज रात्री दुखण्याला शून्य ते दहामध्ये मार्क द्या, आणि दुखण्यामुळे न जमणारी दोन कामं लिहून ठेवा, म्हणजे 'मागे वळून रिव्हर्स घेता येत नाही' किंवा 'वीस मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही' असं नेमकं. गोळ्या किती लागल्या तेही. हे नाही केलं तर चौथ्या सेशननंतर तुम्हाला स्वतःलाच कळणार नाही की फरक पडलाय की पैसे गेलेत म्हणून पडल्यासारखा वाटतोय. ज्या आठवड्यात सुया सुरू करताय त्याच आठवड्यात नवीन गादी, नवीन गोळी, नवीन योगा क्लास सगळं एकदम सुरू करू नका, कशाने काय झालं कळत नाही.

आठवड्याला एक किंवा दोन, असे पाच-सहा झाले की वही उघडा. मार्क आणि ती दोन कामं, दोन्हीत काहीच हललं नसेल तर थांबायचं, 'अजून दहा लागतील' याला भुलायचं नाही. हललं असेल तर कोर्स पूर्ण करून अंतर वाढवत न्यायचं, दोन आठवडे, मग महिना.

एकाने नाही जमलं तर दुसऱ्या पद्धतीकडे जावं का? वरचे आकडे बघितलेत तर कळेल की नुसता पॉइंट बदलून चमत्कार व्हायची शक्यता कमी. पण पहिल्या ठिकाणी घाई होत होती, ऐकून घेत नव्हते, व्यायाम दिलाच नाही, सुया जेमतेम पाच मिनिटं, असं काही खटकत असेल तर बदलून बघायला हरकत नाही, तीच वही घेऊन, तोच पाच-सहाचा नियम लावून. जाताना पहिल्याकडून कुठे-कुठे, किती सुया लावल्या आणि करंट दिला होता का याची चिठ्ठी मागून घ्या, आणि नवीन माणसाला पहिल्याच दिवशी ती दाखवा.